फायरिंग पिन बदलताना : ‘बसते’ म्हणजे ‘चालते’ असे नाही

गेल्या सत्रात आंतर-हाऊस नेमबाजी स्पर्धेला नऊ दिवस उरले असताना मी सात नंबरच्या रायफलीला लाल चिठ्ठी बांधली आणि तिला फायरिंगमधून बाहेर काढले. चार हाऊस, आठ रायफली, प्रत्येक हाऊसच्या वाट्याला दोन, असा आपला हिशेब असतो. सात नंबरवर तिघे कॅडेट सराव करत होते. दोघांना हाऊसच्या दुसऱ्या रायफलीवर सामावून घेता आले. तिसऱ्याचे नाव यादीतून गेले. तो दहावीचा मुलगा. वर्षभर पहाटे पीटीच्या आधी उठून पोझिशन आणि होल्डिंगचा सराव करणारा.

पालक दिनाला त्याचे वडील रात्रभर रेल्वेने प्रवास करून आले होते. मुलाला मेडल मिळेल या आशेने आले होते हे सांगायला नको. कोतापाशी मला गाठून म्हणाले, “उस्ताद, आमचा ट्रॅक्टर बंद पडला तर आम्ही संध्याकाळपर्यंत तो परत शेतात उभा करतो. इथे बोटाच्या पेराएवढ्या पिनसाठी पोराची स्पर्धा गेली?”

त्या वेळी मी फक्त नमस्कार केला. पालक दिनाच्या गर्दीत हे दोन मिनिटांत सांगण्यासारखे नव्हते. संपादकांनी मराठी पानासाठी काही लिहा म्हटले तेव्हा ठरवले, त्या वडिलांना द्यायचे राहिलेले उत्तर इथे द्यावे. कॅडेटनी वाचावे, माझ्या इन्स्ट्रक्टर बंधूंनीही वाचावे. माझे म्हणणे एवढेच आहे : फायरिंग पिनचा भाग बदलायचा तर तो त्या रायफलीचाच, मापाने तपासलेला आणि योग्य हाताने बसवलेला असावा. तसा भाग मिळत नसेल तर रायफल रॅकमध्ये राहील. मग स्पर्धा असो, इन्स्पेक्शन असो, नाहीतर पाहुणे समोर बसलेले असोत.

आधी ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी ही पिन काय करते ते सांगतो.

मी ई.एम.ई.मध्ये आर्मरर होतो. भरती झालो तेव्हा फौजेच्या हातात एस.एल.आर. होती. जुनी .३०३ बोल्ट ॲक्शन रायफल एन.सी.सी.त आणि पोलिसांत होती, आणि आमच्या शिकण्याच्या बाकावर होती. १९६२ च्या लढाईत आपल्या जवानांनी हीच .३०३ वापरली. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षे बनली आणि तिची काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातही बनत. त्या काडतुसाच्या बुडावर ‘के.एफ.’ ही खडकीची अक्षरे कोरलेली असत. आपल्या शाळेतली सात नंबर ही त्याच .३०३ च्या धर्तीवर बनलेली .२२ ट्रेनिंग रायफल आहे. म्हणून दोन्हींचे काम एकदमच समजून घेऊ.

.३०३ च्या बोल्टच्या पोटात एक लांब सळई असते, तिला स्ट्रायकर म्हणतात. तिच्याभोवती मेन स्प्रिंग असते आणि मागच्या टोकाला कॉकिंग पीस आट्यांनी बसवलेला असतो. बोल्ट पुढे ढकलून बंद करताना कॉकिंग पीस सीअरवर अडकतो आणि स्प्रिंग दाबली जाते. ट्रिगर दाबला की सीअर खाली जातो, स्प्रिंग सुटते, स्ट्रायकर पुढे झेपावतो आणि त्याचे टोक बोल्ट हेडच्या भोकातून बाहेर येऊन काडतुसाच्या बुडाशी मधोमध असलेल्या कॅपवर आपटते. कॅप पेटते, बारूद पेटते, गोळी निघते.

.२२ चे काडतूस वेगळे. त्याला मधली कॅप नसते. पेटणारा मसाला बुडाच्या कडेच्या आत, गोलाकार भरलेला असतो. म्हणून पिन मधोमध न मारता कडेवर मारावी लागते. आपल्या रायफलीत यासाठी बोल्ट हेडमध्येच एक वेगळी छोटी पिन बसवलेली आहे. मागून स्ट्रायकर तिला ठोकतो, ती काडतुसाची कडा चेंबरच्या काठावर चेपते आणि मसाला पेटतो.

आता मापाकडे बघा. .३०३ मध्ये स्ट्रायकरचे टोक बोल्टच्या तोंडाबाहेर साधारण एक मिलिमीटर, किंवा त्याहून किंचित जास्त येते. आपल्या नखाच्या जाडीच्या सुमारे दुप्पट. टोक यापेक्षा कमी आले तर कॅपवर नुसता ओरखडा उठतो आणि मिसफायर होतो. जास्त आले किंवा टोकाला धार असली तर कॅप फुटते. कॅप फुटली की काडतुसातला तापलेला वायू पुढे नळीतून जायचा तो थोडा मागे, बोल्टमध्ये शिरतो. बोल्टच्या मागे काय असते? नेम धरलेल्या कॅडेटचा गाल आणि उजवा डोळा. .२२ मध्येही चुकीच्या आकाराची पिन काडतुसाची कडा फाडू शकते. आणखी एक धोका असा की वाकडी किंवा तुटलेली पिन भोकात पुढे अडकून राहू शकते. मग बोल्ट पुरता बंद होण्याआधीच ती काडतुसावर आपटू शकते.

ट्रॅक्टर आणि रायफल यांच्यात हाच फरक आहे. ट्रॅक्टरचा चुकीचा भाग बहुतेक वेळा बंद पडून आपली चूक सांगतो. चुकीची फायरिंग पिन दहा राऊंड व्यवस्थित चालते आणि अकराव्याला सांगते.

सात नंबरचे काय झाले होते? सरावात तिने एका सकाळी चार मिसफायर दिले. प्रत्येक वेळी कॅडेटने शिकवल्याप्रमाणे केले. नळी टार्गेटकडेच ठेवली, बोल्टला हात लावला नाही, हात वर केला, अर्धा मिनिट थांबला. मगच माझ्या देखरेखीखाली बोल्ट उघडला. या गोष्टीबद्दल त्या मुलांना माझा सलाम. मिसफायर झाला की घाईने बोल्ट ओढण्याचा मोह मोठ्यांनाही होतो, आणि उशिरा पेटणारा राऊंड उघड्या बोल्टमध्ये पेटला तर काय होते ते कुणालाही बघायला मिळू नये.

मिसफायर झाला म्हणजे पिनच गेली असे नव्हे. पिन बदलण्याची ही सर्वांत मोठी घाई असते, म्हणून माझी पद्धत सांगतो. आधी न उडालेली काडतुसे हातात घेऊन पिनची खूण बघायची. ती खोल आहे की उथळ, कडेवर नीट पडली आहे की आत सरकली आहे? मग त्याच पेटीतले राऊंड दुसऱ्या रायफलीत घालून बघायचे. तिथे सगळे उडाले, म्हणजे दोष काडतुसात नाही. नंतर बोल्ट उघडून साफ करायचा. जुने तेल आणि बारुदीची काजळी मिळून बोल्टच्या पोटात चिकट राब तयार होतो आणि स्ट्रायकरचा वेग मारतो. थंडीत तर घट्ट झालेले तेल एवढ्यावरच मिसफायर देते. त्यानंतर मेन स्प्रिंग काढून नव्या स्प्रिंगशेजारी टेबलावर ठेवायची. वर्षानुवर्षे दाबली गेलेली स्प्रिंग नव्यापेक्षा आखूड दिसते, ते डोळ्यांनाही कळते. हे सगळे ठीक निघाले तरच पिनकडे जायचे.

सात नंबरमध्ये खुणा उथळ होत्या. काडतुसे चांगली होती. बोल्ट साफ केला तरी फरक पडला नाही. स्प्रिंग ठीक होती. शेवटी छोटी पिन काढून भिंगाखाली धरली. तिच्या टोकाचा एक कोपरा उडालेला होता आणि उरलेला भाग चेपलेला.

तो कसा उडाला हेही मला लिहिले पाहिजे, कारण ती चूक माझी आहे. पावसाळ्यात रेंज बंद होती म्हणून मी मुलांना बराकीत रिकाम्या रायफलीवर ट्रिगर दाबण्याचा सराव दिला. .३०३ वर आम्ही तो जन्मभर केला. पण .२२ मध्ये चेंबर रिकामे असले तर कडेवर मारणारी पिन थेट चेंबरच्या पोलादी काठावर आपटू शकते. म्हणून अशा सरावात चेंबरमध्ये डमी राऊंड किंवा उडालेली पुंगळी घालतात, आणि पुंगळी वरचेवर फिरवतात किंवा बदलतात. हे मला माहीत होते. डमी राऊंड पुरेसे नव्हते, पुंगळ्या पेटीत होत्या, आणि मी आळस केला. त्या मुलाची स्पर्धा पिनने घालवली असे वडिलांना वाटते. खरे तर ती दोन महिने आधी माझ्या आळसाने घालवली होती.

पिनच गेली हे कळल्यावर मला तीन उपाय सुचवले गेले. तिन्ही चांगल्या मनाने सुचवलेले. तिन्हींना मी नाही म्हटले. कारणे देतो.

पहिला उपाय : बाजारातल्या लेथवर पिन करून घ्या, तासाभराचे काम. आपल्या लेथवाल्याच्या हातात कसब आहे, तो नमुन्याबरहुकूम पिन कातून देईल यात शंका नाही. पण आकार हे अर्धेच काम आहे. पिनचे पोलाद कुठले आणि त्याला पाणी कसे दिले, हे उरलेले अर्धे. पिन मऊ राहिली तर टोक काही दिवसांत चेपून फुलते. फार कडक झाली तर काचेसारखी तुटते, आणि तुटलेला तुकडा बोल्टमध्ये राहतो. अंगावर कानशीचा आडवा ओरखडा राहिला तर पिन नेमकी तिथूनच मोडते. डोळ्यांनी बघून यातले काहीच कळत नाही.

याला कायद्याचीही बाजू आहे, आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शस्त्राच्या व्याख्येतच शस्त्राचे भागही येतात. परवान्याशिवाय शस्त्र बनवायला किंवा दुरुस्त करायला त्यात मनाई आहे. म्हणजे पन्नास रुपयांची पिन कातून देणारा आपला ओळखीचा कारागीर नकळत गुन्ह्यात अडकतो, आणि त्याला तिथे नेणारे आपण असतो. शिस्त शिकवणाऱ्या शाळेने हे करावे का?

दुसरा उपाय : कोतात ड्रिलच्या डी.पी. रायफली पडून आहेत, त्यातला भाग काढा. पालकांसाठी सांगतो, डी.पी. म्हणजे फक्त ड्रिलसाठी असलेली रायफल. ती फायर करता येऊ नये म्हणून तिच्यात मुद्दाम बिघाड केलेला असतो. बऱ्याचदा स्ट्रायकरचे टोक कापलेले असते, बोल्ट हेडचे भोक बुजवलेले असते, नळी किंवा चेंबर भोक पाडून निकामी केलेले असते. कोत तोकडा असला की अशा रायफलीचे भाग कामाच्या रायफलीत जाण्याचा मोह होतो. आणि उलटेही घडते. नोकरीत असताना एका ठिकाणी इन्स्पेक्शनमध्ये मला एक डी.पी. रायफल सापडली, जिच्यात कुणीतरी पूर्ण लांबीचा चांगला स्ट्रायकर बसवला होता. कारण विचारले तर उत्तर मिळाले, “ड्रिलमध्ये आवाज नीट येत नव्हता.” त्या रायफलीच्या चेंबरला भोक होते. उद्या कुणी चुकून तिच्यात जिवंत राऊंड घातला असता तर ती फायर झाली असती आणि चालवणाऱ्याच्या हातात फुटली असती. त्या दिवसापासून डी.पी. आणि कामाची रायफल यांचे भाग मी एका टेबलावरही ठेवत नाही.

मग कुणी म्हणाले, डी.पी.चा नको तर पाच नंबरचा अख्खा बोल्ट सात नंबरमध्ये घाला आणि पाळीपाळीने वापरा. कॅडेटनो, तुमच्या रायफलीच्या बोल्ट हँडलच्या मागे नंबर कोरलेला आहे तो बघा, आणि तोच नंबर रायफलीच्या बॉडीवर शोधा. तो शोभेसाठी नाही. प्रत्येक बोल्ट त्याच्या बॉडीला जुळवून बसवलेला असतो. बंद बोल्टचे तोंड आणि चेंबर यांच्यात काडतुसाच्या बुडासाठी ठरावीक जागा राहावी लागते, तिला हेडस्पेस म्हणतात. .३०३ च्या नंबर ४ रायफलीत ही जागा जुळवण्यासाठी बोल्ट हेडच ० ते ३ अशा चार मापांत बनवलेले असत. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट सरकून आत गेला, हँडल खाली बसले, म्हणजे ही जागा बरोबर आहे असे होत नाही.

तिसरा उपाय सर्वांत शहाणपणाचा वाटतो : परवानाधारक दुकानातून नवी पिन मागवा, सगळ्या बोल्ट ॲक्शनना चालते म्हणतात. दुकान परवान्याचे, भाग नवा, मग अडचण काय? अडचण ‘सगळ्यांना चालते’ या शब्दांत आहे. .३०३ चीच नंबर १ आणि नंबर ४ ही दोन रूपे घ्या. लांबून बघणाऱ्याला ती सख्खी भावंडे वाटतात, पण एकीचे बोल्ट हेड दुसरीला चालत नाही. .२२ ट्रेनिंग रायफलींची रूपे तर त्याहून जास्त. म्हणून भाग मागवताना ‘.२२ बोल्ट ॲक्शनची पिन’ एवढे लिहिणे म्हणजे औषधाच्या दुकानात जाऊन ‘तापाची गोळी द्या’ म्हणण्यासारखे आहे.

मग भाग निवडायचा कसा? मी हे क्रमाने करतो.

आधी रायफलीवरची खूण वाचून नोंदवायची. नंबर १ वर ती बटच्या मुळाशी असलेल्या लोखंडी कड्यावर असते. तिचे मॉडेल, मार्क आणि नंबर मागणीपत्रात जसेच्या तसे लिहायचे. ऐकीव नाव लिहायचे नाही. मग नेमका कुठला भाग हवा तो ठरवायचा. सात नंबरला छोटी पिन हवी होती. स्ट्रायकर, स्प्रिंग आणि कॉकिंग पीस चांगले होते, तर तिकडे हात लावायचे कारण नव्हते. विशेषतः कॉकिंग पीस. तो सीअरवर ज्या कडेने अडकतो त्या कडेवर ट्रिगरचा भार आणि सुरक्षितता अवलंबून असते. तो उगाच बदलला तर रायफल धक्क्याने सुटू शकते. पूर्ण संच मिळतोय म्हणून पूर्ण संच बदलायचा, ही काटकसर महागात पडते.

भाग आल्यावर जुना आणि नवा शेजारी ठेवून बघायचे. लांबी, खांदा, टोकाचा आकार. जुनी पिन म्हणून कधी फेकायची नाही, ती तुटली असली तरी तीच आपला नमुना. नवी पिन भोकात बोटाने ढकलली की जावी आणि सोडली की मोकळी हलावी. ठोकून घालावी लागली तर ती आपली नाही. त्यानंतर टोक किती बाहेर येते ते गेजने मोजायचे. डोळ्याने नाही, नखाने नाही, गेजने. जास्त येत असेल तर ते कमी करणे आणि टोकाला पुन्हा आकार देणे हे आर्मररचे बाकावरचे काम आहे, आणि तो ते गेज हातात घेऊनच करतो. कोताच्या पायरीवर बसून कानस मारणे म्हणजे आर्मररी नव्हे. शेवटी रिकाम्या रायफलीवर सीअर, सेफ्टी, बोल्टची चाल तपासायची आणि मगच रेंजवर आर्मररच्या हाताने एकेक राऊंड भरून, प्रत्येक पुंगळी बघत फायर करायचे. कॅडेटची पाळी त्यानंतर.

या सगळ्याला सात आठवडे लागले. मागणी गेली, पत्र परत आले कारण एक खूण लिहायची राहिली होती, पुन्हा गेले. स्पर्धा मधल्या काळात होऊन गेली.

माझ्याविरुद्ध जो युक्तिवाद होतो तो मला ठाऊक आहे. एका तरुण इन्स्ट्रक्टरने मला तोंडावर विचारले, “उस्ताद, लढाईत शत्रू सात आठवडे थांबतो का?” प्रश्न चोख आहे. उत्तर असे की, लढाईत थांबावे लागू नये म्हणूनच फौज शांततेत सुटे भाग साठवते, आर्मररला गेज देते आणि रजिस्टर ठेवते. जवानाला मैदानावर जुगाड करावा लागतो तेव्हा त्याच्यापुढे दुसरा धोका उभा असतो आणि तो जाणूनबुजून दोन धोक्यांतला लहान धोका निवडतो. आपल्या रेंजवर समोर कागदाचे टार्गेट असते. तिथे निवडण्यासारखा दुसरा धोकाच नाही. सगळा धोका आपण स्वतः आणलेला.

जुगाडाला माझा विरोध नाही. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे, तारेने बांधलेल्या सायकलवरून शाळेत गेलो. पण कुठे तार चालते आणि कुठे नाही हे ओळखणे हाही जुगाडाचाच भाग आहे. ज्या यंत्राच्या मागे माणसाचा डोळा टेकलेला असतो, तिथे तार चालत नाही. शिवाय मुले आपण काय सांगतो त्यापेक्षा आपण काय करतो ते शिकतात. स्पर्धेच्या दबावाखाली मी बाजारची पिन घातली असती तर सेफ्टीवरची माझी सगळी लेक्चर्स त्या एका पिनने खोटी पाडली असती. यातली काही मुले उद्या अधिकारी होतील. एखादा आर्मरर त्यांना म्हणेल, “साहेब, ही रायफल आज देता येणार नाही.” त्या वेळी त्यांना काय आठवावे असे आपल्याला वाटते?

दोष फक्त दाखवून थांबलो तर लेख अर्धा राहील. म्हणून मागण्याही लिहितो.

शाळेकडे : प्रत्येक मॉडेलसाठी फायरिंग पिन आणि मेन स्प्रिंगचा एकेक राखीव संच, रायफलीची खूण लिहिलेल्या डबीत, कोतात कुलपाखाली असावा, आणि तो रीतसर मार्गानेच यावा. हा खर्च यंदाच्या बजेटमध्ये घालावा, असे मी प्राचार्य साहेबांना लेखी दिले आहे. डमी राऊंडही प्रत्येक रायफलीमागे हवेत. आर्मररची तपासणी स्पर्धेच्या दोन महिने आधी व्हावी, आदल्या आठवड्यात नको.

इन्स्ट्रक्टर बंधूंना : प्रत्येक रायफलीचे रजिस्टर असावे. किती राऊंड झाले, किती मिसफायर, कुठला भाग कधी बदलला. सात नंबरने आधीच्या महिन्यात एकेक करून दोन मिसफायर दिले होते हे मला नंतर मुलांकडून कळले. तेव्हाच नोंद झाली असती तर पिन स्पर्धेच्या आधी येऊन बसली असती. आणि लाल चिठ्ठी लागल्यावर ‘आजच्या दिवस चालेल का?’ असे विचारू नका. विचारणाऱ्याला एक दिवस दिसतो, चिठ्ठी बांधणाऱ्याला बोल्टच्या मागचा डोळा दिसतो.

कॅडेटनो, तुम्हाला : बोल्ट उघडून बघायची उत्सुकता असेल तर माझ्याकडे या, मी दाखवीन. एकट्याने बराकीत उघडू नका. रायफल तुमच्या हातात काही वेगळी वागली, ट्रिगर हलका लागला, बोल्ट जड लागला, तर सांगा. आपली पाळी जाईल या भीतीने गप्प राहू नका.

पालकहो, तुम्हाला : मुलाची संधी गेली की वाईट वाटते, ते मी समजू शकतो. रागावा, विचारा, जाब मागा. पण चिठ्ठी काढा असे मात्र सांगू नका.

राहिला तो मुलगा. यादीतून नाव गेल्याच्या संध्याकाळी तो कोतात आला. “उस्ताद, माझ्याच वेळेला का?” म्हणाला. मी त्याला भिंग दिले आणि पिनचे टोक दाखवले. ते कसे उडाले तेही सांगितले, माझी चूक न लपवता. तो बराच वेळ बघत राहिला. मग विचारले, “म्हणजे मी पण बराकीत रिकामा ट्रिगर दाबला, त्याने?” मी म्हटले, “बेटा, तू सांगितले ते केलेस. सांगणारा मी होतो.” तो काही बोलला नाही आणि निघून गेला. मला वाटले, आता हा रेंजवर यायचा नाही.

पिन आली त्या दिवशी मात्र तो हजर होता. गेज लावताना त्याने दिवा धरला. पहिले दहा राऊंड मी मारले आणि दहाही पुंगळ्या त्याने ओळीने मांडून खुणा तपासल्या. सगळ्या एकसारख्या होत्या. लाल चिठ्ठी त्याने सोडली आणि रजिस्टरमध्ये नोंदही त्यानेच लिहिली. त्याची स्पर्धा मात्र परत आली नाही आणि ती मी परत आणू शकत नाही. पुढच्या वर्षी तो अकरावीत असेल, हाऊसची यादी नव्याने लागेल, त्यात त्याचे नाव असेल की नाही ते त्याच्या गोळ्या ठरवतील.

त्याच्या वडिलांना या लेखाची प्रत मी पोस्टाने पाठवणार आहे. साहेब, तुमचा प्रश्न योग्य होता. एका पिनसाठी पोराची स्पर्धा गेली, हे खरे आहे. त्यात माझी चूक होती, ती मी वर लिहिली आहे. पण चिठ्ठी बांधली ती चूक नव्हती. तीच वेळ पुन्हा आली तर मी तीच चिठ्ठी बांधीन.

जय हिंद.